त्रेपन्नच्या पुढचं

माझा भाऊ वाचत नाही, साठवतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी जे बोलेन ते कुणाला अचानक वाटायला नको.

शाळेत असताना तो शेजाऱ्यांकडून जुनी वर्तमानपत्रं मागून आणायचा. त्यातले लेख माझ्या शिवणाच्या कात्रीने कापायचा, कात्रीची धार घालवायचा आणि कात्रणं सुतळीने बांधून पलंगाखाली सारायचा. समुद्राच्या तळाशी काय असतं, विमानं धुक्यात कशी उतरतात, मुंग्या वारुळात कशा राहतात, काय वाटेल ते. "यातलं काही वाचलंस का रे?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "नंतर." वडील त्याला रद्दीशेठ म्हणायचे. पुढे रद्दी गळून पडली आणि शेठ तेवढा उरला. आज तो चौतिशीचा आहे, केस विरळ झालेत, आणि गोदामात कुठला टायर कुठल्या फळीवर आहे हे सांगणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. सवय मात्र तीच आहे. जित्याची खोड, दुसरं काय.

ऑफिसात त्याच्या स्क्रीनवर एका वेळी तीनशे-साडेतीनशे पानं उघडी असायची. वरच्या पट्टीत ती इतकी चेपून बसलेली असत की एकाचंही नाव वाचता यायचं नाही. मशीन धापा टाकायचं. एक दिवस ते बंदच पडलं आणि सगळी पानं गेली. शेठ म्हणे जिन्यात जाऊन रडला. हे मला त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हसत हसत सांगितलं, आणि मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्या रडण्यातून त्याचं अ‍ॅप निघालं. इंटरनेटवर कुठेही वाचण्यासारखं काही दिसलं की बटण दाबायचं, की ते अ‍ॅपमध्ये जाऊन बसणार. सगळं एका जागी, निवांत वाचायला. नाव ठेवलं 'नंतर'. मी म्हटलं, "छान. तुझं लग्नही त्यातच टाकून ठेव." रोज पहाटे पाचला उठून, ऑफिसची वेळ होईपर्यंत तो त्यावर बसायचा. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, खिडकीतून दिसणारं पार्किंग, दोन बुटक्या कपाटांवर जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल, आणि चपलांच्या रॅकवर कायम चालू असलेला एक जुना कॉम्प्युटर. सगळ्यांनी साठवलेलं सगळं त्या एका डब्यात असायचं. तीनशे चाळीस लोक अ‍ॅप वापरत होते, त्यांतले निम्मे त्याच्या भिडेखातर.

आणि मी. मला भीडबीड काही नव्हती, मला गरज होती.

मला एक मुलगी आहे. तिला आम्ही भुंगी म्हणतो, कारण बोलायला लागायच्या आधीपासून ती गुणगुणायची. चार वर्षांची असताना ती चालता चालता पडायला लागली. पाचव्या वर्षी तिचे शब्द जायला लागले, आधी रंगांची नावं, मग आकडे, मग घरातल्या माणसांची. आजाराचं नाव इतकं लांब की फाईलवर ते दोन ओळींत लिहावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "मी पाहिलेली ही दुसरीच मुलगी. पुढे काय होतं ते मला पुस्तकातलं माहीत आहे, घरातलं नाही." मला घरातलंच हवं होतं. केस धुताना मान कशी धरायची, कपडे कुठून उसवले म्हणजे हात न वाकवता घालता येतात, ती तासन्‌तास रडते तेव्हा आपण कुठे बसायचं.

ते मला एका साइटवर मिळालं. अशा मुलांचे आईबाप तिथे लिहायचे, आणि आत जायला पासवर्ड लागायचा. त्यांच्यात एक बाई होती. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. फोटोच्या जागी तिने निळी छत्री लावली होती, म्हणून मीही तिला तेच म्हणायचे. तिची मुलगी भुंगीच्या दोन वर्षं पुढे होती. पुढे म्हणजे कुठे, ते ज्याचं त्याने समजावं. तिने क्रमांक घालून त्र्याण्णव नोंदी लिहिल्या होत्या, एकेक दोन-दोन पानांची. भुंगीचे बाबा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतात, पंधरवड्यातून दोन दिवस घरी असतात. बाकीचे दिवस मी, भुंगी, शिवणाच्या मशीनवर ऑल्टरला आलेल्या पँटींचा ढीग आणि निळी छत्री. तिच्या सांगण्यावरून मी भुंगीचे सगळे फ्रॉक पाठीतून उसवले आणि वेलक्रो लावला. तिच्या सांगण्यावरून पलंग भिंतीपासून हात-दीड हात सरकवला. ती जे लिहायची ते तीन-चार महिन्यांनी आमच्या घरात घडायचं, टीप न टीप तशीच.

त्या सगळ्या नोंदी मी 'नंतर'मध्ये साठवल्या होत्या. पण सगळ्या वाचल्या नव्हत्या. माझा एक नियम होता. भुंगीचं काही नवं बिघडलं की पुढची एक नोंद उघडायची, एकच. उद्याचं आजच कळून घ्यायची छाती माझ्यात नव्हती, आणि उद्या काहीच माहीत नसताना उठायची तर त्याहून नव्हती. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पानाच्या नावाखाली पहिले काही शब्द दिसायचे, तेही मला नको होते. मी शेठला म्हटलं, "यांच्यावर काहीतरी झाकण घाल. मी उघडेन तेव्हाच दिसू देत." त्याने दोन सकाळी खपून माझ्यापुरतं झाकण करून दिलं. नुसते आकडे दिसायचे, एक ते त्र्याण्णव. मूळ साइटवर जाणं मी सोडूनच दिलं. तिथे भुंगीपेक्षा पुढे गेलेल्या मुलांच्या बातम्या यायच्या. मला त्या पाहायच्या नव्हत्या, आणि मला हवं ते सगळं भावाच्या डब्यात सुखरूप होतं.

बावन्न नोंदी वाचून झाल्या होत्या. एका सोमवारी सकाळी भुंगीच्या हातातून चमचा पडला. मी उचलून दिला, परत पडला. बोटं मिटतच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिचा चमचा काढून घेतला होता. तिला भरवलं, पुसलं, निजवलं आणि फोन घेऊन त्रेपन्नवर बोट ठेवलं.

गोल गोल फिरत राहिलं, मग अक्षरं आली, 'मूळ पान सापडत नाही.' चोपन्न, तेच. साठ, सत्तर, नव्वद, तेच. मी साइट उघडून पाहिली. साइट नव्हतीच. बंद झाली होती. तसं महिनाभर आधी जाहीर केलं होतं म्हणे, पण मी तिथे जात होते कुठे?

शेठला फोन केला. तो ऑफिसातून उठून आला, गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. शिवणाच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसला, माझा फोन घेतला, पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ताई, त्या मी पुसल्यात."

"काय पुसलंस?"

"डिस्क भरली होती ग. सारखं बंद पडत होतं. मग मी असं केलं की सहा महिने ज्याने जे उघडलंच नाही, त्याचा मजकूर काढून टाकायचा. नुसता पत्ता ठेवायचा आणि पहिले वीस शब्द. कुणी उघडलंच तर मूळ पानावरून परत आणता येतं. मूळ पान असतंच ना तिथे."

"असतंच ना?"

त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"माझ्याही पुसल्यास?"

"मला नावं दिसत नाहीत, ताई. आकडे दिसतात. शंभर साठवतात त्यांतली चार उघडतात. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, कुणीच वाचत नाही."

स्वतःवरून त्याने अख्ख्या जगाची परीक्षा केली होती. ती चूक फक्त तोच करू शकत होता. आणि साठवून मग मुद्दाम न उघडणारी त्या तीनशे चाळिसांत एक मीही निघाले, त्याची सख्खी बहीण. मला आठवतं, मी बॉबिनचा डबा त्याच्या अंगावर भिरकावला. आई गेली तेव्हा मी सोळाची होते आणि हा आठ वर्षांचा. याचं नाक पुसण्यापासून याच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं मी केलं. तेही सगळं काढलं त्या दिवशी. म्हटलं, "तुला वाढवण्यात माझी वर्षं गेली, आणि तू माझ्या पोरीची पुसलीस." त्याने खाली बसून बॉबिनी गोळा केल्या, रंगवार लावून डबा टेबलावर ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने तो पुसण्याचा नियम काढून टाकला. वरातीमागून घोडं.

मग पाच आठवडे तो शोधत होता. साइट चालवणाऱ्या माणसाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'मशीन मोडीत गेलं. माझा मुलगा गेल्यावर मला ते चालवणं होईना, माफ करा.' त्यावर काय बोलणार? जुनी पानं जपून ठेवणाऱ्या ज्या साइट असतात तिथे पाहिलं, पण पासवर्डच्या आतलं कुणीच जपलेलं नव्हतं. रॅकवरच्या कॉम्प्युटरची डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती तीन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, याच्यावर चारदा दुसरं लिहिलं गेलंय, आता देवही वाचू शकणार नाही. निळ्या छत्रीचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. शेठ रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट माझ्याकडे यायचा, दारातच मान हलवायचा, भुंगीला मांडीवर घेऊन अर्धा तास बसायचा आणि जायचा. दाढी वाढली होती. मी त्याला पाणीही विचारत नव्हते, हेही सांगून टाकते.

इकडे भुंगीचा उजवा हात गेलाच होता. मी आंधळ्यासारखी चाचपडत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मला पुढचं काही माहीत नव्हतं, आणि तेव्हा कळलं की बाकीच्या आया कशा जगत असतील.

आणि एके सकाळी त्याचा फोन आला, "ताई, त्रेपन्न सापडलं."

कुणीतरी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं म्हणे. शोधून शोधून एकेक पाठवणार होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला अख्खी नाव आल्यासारखं झालं. नोंदीत लिहिलं होतं, 'चमचा धरता येत नाही म्हणून लगेच भरवायला घेऊ नका. चमच्याच्या दांड्याला जुन्या मोज्याचं रबर शिवा आणि ते तिच्या तळव्यावरून घ्या. खाऊ दे तिचं तिला, सांडलं तर सांडलं.' मी पंधरा मिनिटांत शिवलं. भुंगीने सफरचंदाच्या गराचे सात घास आपल्या हाताने खाल्ले. आठवा नाकाला लागला. मी शेठला फोन करून रडले आणि त्याला म्हटलं, "जेवायला ये."

मग चोपन्न आलं. चोपन्नमध्ये मामा होता.

'आज मामाने तिला उचलून जिन्यावरून खाली नेलं आणि उन्हात बसवलं. मामाला तिचं न बोललेलं कळतं.' अशी दोन पानं. मी वाचत गेले आणि मागच्या नोंदी आठवत गेले. बावन्न नोंदींत नवरा होता, न मागता सल्ले देणारी सासू होती, वरच्या मजल्यावर हार्मोनियम बडवणारा म्हातारा होता. मामा नव्हता. एकोणिसाव्या नोंदीत तर तिने स्वच्छ लिहिलं होतं, 'मला पाठचं-पुढचं भावंड कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.' पण ते कळायला एकोणीस वाचायला हवं होतं, आणि माझा भाऊ वाचत नाही.

मी त्याला काही बोलले नाही. संध्याकाळी जेवताना म्हटलं, "छान लिहिते नाही बाई?" त्याने मान खाली घालून "हं" केलं आणि पाण्याचा पेला उगाच दोनदा उचलला. त्याच्या डाव्या तळव्यावर रबराचा वळ होता. उजवा हात पाठीशी बांधून, चमचा डाव्याला अडकवून त्याने ते आधी स्वतःवर करून पाहिलं असणार. जन्मात ज्याने एक लेख शेवटपर्यंत वाचला नाही, तो पहाटे पाचला उठून बाईच्या आवाजात दोन-दोन पानं लिहीत होता. मला चीड यायला हवी होती. आली नाही. मला पुढचं पान हवं होतं.

पंचावन्नमध्ये ती मुलगी रात्रभर शांत झोपली. छप्पन्नमध्ये ती परत गुणगुणायला लागली. निळ्या छत्रीची मुलगी कधीच गुणगुणत नव्हती, गुणगुणणारी माझी होती. तरी ते पान मी चारदा वाचलं. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी भुंगीच्या तोंडाशी कान लावून बसले होते. काही ऐकू येतंय का, ते बघत होते.

मग एका मंगळवारी पाणी पिताना तिला ठसका लागला. दुपारी परत लागला. संध्याकाळी दूध नाकातून आलं. मी शेठला फोन केला, "सत्तावन्न आलंय का?"

"बघतो. सकाळपर्यंत मिळेल."

आता इथे मी काय करू शकले असते ते मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंचा नंबर भिंतीवर, मशीनच्या वरच चिकटवलेला होता. मी तो पाहिला आणि सकाळची वाट पाहिली. सत्तावन्न आलं. 'पाण्याचा ठसका लागायला लागला की जीव खालीवर होतो. पण घाबरू नका. आमच्याकडेही झालं. पातळ बंद केलं, घट्ट तेवढं दिलं, मांडीवर बसवून हनुवटी खाली ठेवली. दोन-तीन दिवसांत आपोआप बसलं. मामा म्हणाला, बघ, तू उगाच रडलीस.'

मी पातळ बंद केलं. हनुवटी खाली धरली. बुधवारी ती कमी खोकली, निदान मला तसं वाटलं. गुरुवारी तिचा श्वास भरून यायला लागला. शुक्रवारी सकाळी अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ओठांच्या कडा निळ्या पडल्या होत्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ठसका कधीपासून?" मी म्हटलं, "मंगळवारपासून." तिला आत नेलं. खाल्लेलं, प्यायलेलं सगळं थोडं थोडं फुप्फुसात उतरत होतं. नुसती हनुवटी खाली धरून भागणार नव्हतं, मंगळवारीच यायला हवं होतं. मंगळवारी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. नर्स म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती. नाकातून पोटात नळी गेली होती. आता तोंडाने काही नाही, कधीच नाही, असं सांगितलं गेलं होतं. मोज्याचं रबर शिवलेला चमचा माझ्या पिशवीत तसाच होता. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. शेठ आला, शेजारी न बसता समोर उभा राहिला.

"ताई, मला तुला सांगायचंय. सत्तावन्न..."

"तू लिहिलंस."

तो एक पाऊल मागे सरकला.

"चोपन्नही तूच, पंचावन्नही तूच. मामा आला तेव्हाच कळलं मला. तिला भाऊ नव्हता, शेठ. एकोणिसाव्यात लिहिलंय तिने."

"मग तू थांबलीस कशी? मंगळवारी? तुला माहीत होतं मी लिहितोय, तरी?"

याचं उत्तर मी नऊ दिवस शोधत होते. सोपं होतं ते. त्याने लिहिलेल्या पानांत भुंगी बरी होत होती. खऱ्या पानांत काय होणार होतं ते मला न वाचता ठाऊक होतं, म्हणून तर ती मी मिटून ठेवली होती. लहानपणापासून मी त्याला हिणवत आले की तू नुसतं साठवतोस, वाचत नाहीस. एकाच आईची लेकरं आम्ही.

"कारण मला तुझं आवडत होतं," मी म्हटलं. "तिचं नको होतं मला."

तेव्हा तो खाली बसला, बाकावर नव्हे, फरशीवरच, आणि तोंडावर हात घेऊन रडला. येणारे-जाणारे वळून बघत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता. जमलं नाही.

मग मी विचारलं, "ते वीस शब्द आहेत का अजून? प्रत्येकाचे पहिले?"

"आहेत. तुझ्या झाकणाखाली आहेत."

"तू वाचलेस?"

त्याने मान हलवली. "त्रेपन्नचे वाचले. पुढे हिंमत झाली नाही. तुला काय दाखवणार होतो, हे उरलेले तुकडे? लाज वाटली. म्हणून मग पूर्ण लिहायला घेतलं."

मी फोन त्याच्या हातात दिला. "काढ झाकण."

त्याची बोटं दोनदा चुकली. मग यादी उघडली. एक्केचाळीस ओळी, प्रत्येक विसाव्या शब्दाला तोडलेली. पहिली होती, 'आज सकाळी तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती मला ओळखत नाही हे मला कळलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते, कारण तुम्हाला'. इथे तो थांबला होता. त्याची मला दया आली आणि रागही आला. मी पुढे सरकवलं. चोपन्नमध्ये झोपेच्या औषधाचं होतं. पंचावन्न, छप्पन्न. मग सत्तावन्न. ते मी मोठ्याने वाचलं, कारण एकटीने वाचवेना.

'परवा पाण्याचा पहिला ठसका लागला. आम्ही दोन दिवस वाट पाहिली, तीच चूक झाली. तुमच्याकडे ठसका लागला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे'

पुढे काही नव्हतं. वीस शब्द संपले होते.

शेठ फोनकडे बघत होता. ते शब्द त्याच्या खोलीत, चपलांच्या रॅकवरच्या डब्यात आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये, दोन्हीकडे, मंगळवारी होते, बुधवारी होते, गुरुवारी होते.

"एवढंच उरलं होतं ग, ताई," तो म्हणाला. "एवढ्याने काय होणार, असं वाटलं."

"एवढं पुरलं असतं," मी म्हटलं, आणि नर्सने हाक मारली म्हणून उठून आत गेले.